पिवळ्या ठिपक्याची मुंगी

ताई घड्याळवालीशी बोलत नसे असे नाही. बोले, पण वस्तूंकडे पाहून. "दूध संपलंय," हे ती कपाटाला सांगे; "वेणी राहिलीय," हे आरशाला. घरात नव्याने आलेल्या बाईला एकही हाक न मारता अख्खी सुट्टी कशी काढावी, याची सहा वर्षांच्या त्या मुलीने एक पद्धतच बसवून टाकली होती, आणि ती पद्धत इतकी चोख होती की घड्याळवालीला तिचे मनोमन कौतुक वाटे. दुखतही असे, पण कौतुक आधी वाटे.

घड्याळवाली हे काही तिचे नाव नव्हे, पण सगळी गल्ली तिला त्याच नावाने ओळखे. बाजाराच्या कोपऱ्यावर वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. त्यांच्यामागे तिने ते चालवले. चाळिशी ओलांडेपर्यंत ती लोकांची थांबलेली वेळ चालू करून देत राहिली, आणि स्वतःची विचारायला तिला सवड झाली नाही. मग एके दिवशी लिफ्ट दुरुस्त करणारा एक विधुर पाण्यात पडलेले मनगटी घड्याळ घेऊन आला. घड्याळ नीट झाल्यावरही तो दोनदा उगाच येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा घड्याळ त्याच्या हातावर नव्हतेच, आणि दोघांनाही हसू आवरले नाही. एक माणसांना वर नेतो, दुसरी वेळेवर पोहोचवते, आता आम्हाला पायी चालायलाच नको, असे लग्नात कुणीतरी म्हणाले होते.

लिफ्टवाल्याची दोन मुले. धाकटा चार वर्षांचा. त्याला सगळे शेंडेफळ म्हणत. तो पहिल्याच दिवशी घड्याळवालीच्या मांडीवर चढून बसला, तिला तोंडावर घड्याळवाली म्हणू लागला आणि तिच्या ओढणीला तोंड पुसू लागला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला. प्रश्न होता तो ताईचा. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, म्हणजे विसरायला जरा मोठी आणि समजायला फार लहान. तिच्या मामा-मामीला मूल नव्हते. शेजारच्या गावात त्यांनी तिच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती, खिडकीला पडदे शिवले होते. त्यांच्या मायेत कुठे खोट काढायला जागा नव्हती, हीच तर अडचण होती. सुट्टी लागली त्या दिवशी ताईने बापाला स्वच्छ सांगितले की मला मामाकडे राहायचंय, नेहमीसाठी, शाळाही तिकडचीच.

लिफ्टवाल्याने त्या रात्री जेवताना मान वर केली नाही. मग म्हणाला, "सुट्टी संपता संपता मामा येईल. तेव्हाही ती हेच म्हणाली, तर मी तिला पाठवीन. पोरीला डांबून ठेवून बाप होता येत नाही." घड्याळवालीने होकार दिला. त्या होकाराच्या तळाशी काय बुडाले, ते तिने कुणाला दाखवले नाही. या घरात येऊन तिला जेमतेम महिना झाला होता आणि भिंतींशी बोलणाऱ्या त्या मुलीवर तिचा जीव जडून बसला होता. प्रेम कधी बसते हे कळले असते तर माणसाने त्याच्यासाठी खुर्ची मांडली असती. ते येते आणि उभ्यानेच राहते.

मुंग्या आल्या त्या शेंडेफळाच्या पावाच्या तुकड्यावर.

घराच्या मागे लहानसे अंगण होते: एक नळ, कपडे वाळत घालायची दोरी, एक लिंबाचे झाड, कडेला बांधकामातून उरलेल्या विटांची चळत आणि तिला टेकून थोडी वाळू. मुले घरी असल्यामुळे घड्याळवाली सकाळचे काम मागच्या दारापाशी टेबल टाकून करी आणि दुकान दुपारी उघडी. त्या दिवशी डोळ्याला भिंग लावून ती एका जुन्या घड्याळाच्या पोटात डोकावत असताना शेंडेफळाने टाहो फोडला. त्याने पायरीवर विसरलेल्या पावावर मुंग्यांनी राज्य मांडले होते. ताई आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. मुंग्यांची तिला भीती वाटे. भीती वाटते हे मान्य करण्यापेक्षा बुडवणे तिला सोपे जाई.

घड्याळवालीने तिला अडवले नाही. अडवले असते तर तांब्या तत्काळ ओतला गेला असता, एवढे ती एव्हाना शिकली होती. तिने फक्त डोळ्याचे भिंग काढले, शेंडेफळाच्या डोळ्याला लावले आणि त्याचे डोके धरून पावाच्या जवळ नेले. रडणे मधेच कापल्यासारखे थांबले.

"हिला मिशा आहेत," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, अत्यंत गंभीरपणे, "आणि ती तोंड धुतेय."

ताई तांब्या धरून उभी होती. मुंगीला तोंड असते आणि ते ती धुते, ही गोष्ट तिला पटण्यासारखी नव्हती. शेंडेफळ थापा मारतो हे साऱ्या घराला ठाऊक होते. तिने तांब्या खाली ठेवला, भावाच्या हातातून भिंग हिसकावले आणि ओणवी झाली. पायरीवर एक काळी, टपोरी मुंगी पुढचे दोन पाय मिशांवरून ओढून घेत होती, एखादी बाई बाहेर पडण्याआधी केसांवरून हात फिरवते तशी. ताईच्या तोंडून नकळत "अय्या" निघाले. ते मात्र तिने कपाटाला सांगितले नव्हते, आरशालाही नाही. ते अंगणात मोकळे सुटले होते आणि ज्याला हवे त्याने घ्यावे असे होते. घड्याळवालीने ते उचलले.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात गोणपाट पसरले जाऊ लागले. तिघे त्यावर पोटावर पडत. घड्याळवालीला किड्यांचे काही विशेष ज्ञान नव्हते. तिला फक्त लहान गोष्टींकडे टक लावून बघता येत होते, आणि हात स्थिर ठेवता येत होता. मुलांनी विचारले की हे असे का, तर ती बहुतेक वेळा माहीत नाही म्हणे आणि बघूया म्हणे. समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या मिशांना मिशा लावून क्षणभर थांबतात, हे त्यांनी पाहिले. त्या काय बोलतात यावर भावंडांची खडाजंगी झाली. शेंडेफळाच्या मते त्या फक्त 'सरक' म्हणत होत्या. लिंबाच्या कोवळ्या फांदीवर हिरवट मावा पडला होता. त्या बारक्या किड्यांना मुंग्या मिशांनी गोंजारत आणि त्यांच्या मागून निघणारा गोड थेंब पिऊन टाकत. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे होते आणि प्रत्येकाच्या तळाशी एकेक किडा नुसते जबडे वर काढून बसलेला होता. मुंगी कडेवरून घसरली की तो खालून तिच्यावर वाळू उडवी. ताईने एका घसरलेल्या मुंगीला काडी दिली आणि वाचवले. शेंडेफळाला वाईट वाटले की आता त्या खालच्याने काय खायचे. यावर बराच वेळ विचार झाला. शेवटी एक मेलेली माशी खड्ड्यात सोडण्यात आली आणि न्याय झाला.

एके दिवशी लिफ्टवाला काम आटोपून लवकर आला, तर मागच्या दारात त्याला सहा तळपाय दिसले. त्याने डबा ठेवला, तोही गोणपाटाच्या कडेला आडवा झाला, ढालकिडा नावाचा लाल, ठिपकेवाला, वाटोळा किडा पानाच्या टोकाला जाऊन पंख कसे उघडतो ते समजावून घेता घेता घोरू लागला. तो किडा त्याच्या मनगटावर चढला. मुलांनी श्वास रोखून बघितले. "बाबांच्या लिफ्टने वर चाललाय," ताई कुजबुजली, आणि हे बोलताना तिने घड्याळवालीकडे पाहिले होते. भिंतीकडे नाही.

प्रश्न ताईनेच काढला. मुंग्यांची ओळ विटांच्या भेगेतून निघे, नळाखालून वळे आणि पायरीपाशी येई. भेगेत गेलेली प्रत्येक मुंगी बाहेर आल्यासारखी दिसे, पण ती तीच कशावरून?

"काल जी तोंड धूत होती, ती आज आलीय का?" तिने विचारले.

"माहीत नाही. सगळ्या सारख्या दिसतात."

"मग गेलेली परत येते की नाही, हे कसं कळणार?"

घड्याळवालीला तेव्हा वाटले की हा मुंग्यांविषयीचा प्रश्न आहे. तिने आतून रंगाची इवलीशी बाटली आणली, जुन्या घड्याळांच्या तबकडीवरचे पुसट झालेले आकडे ज्याने ती पुन्हा रेखी तो पिवळा रंग. पायरीवर साखरपाण्याचा थेंब ठेवला. एक मुंगी पिऊ लागली. पिताना त्या अगदी निश्चल असतात, हे एव्हाना तिघांना माहीत होते. घड्याळवालीने केसाइतक्या बारीक टोकाच्या कुंचल्याने तिच्या पाठीमागच्या फुगीर भागावर एक टिंब टेकवले. मुंगीला कळलेही नाही. थेंब संपवून, तोंड पुसून ती आपल्या वाटेने निघाली आणि भेगेच्या अंधारात तो पिवळा कण, दूरच्या घरातला दिवा मालवावा तसा, दिसेनासा झाला.

"ठिपकी," ताईने नाव ठेवले. शेंडेफळाने तिला बजावले की नाव त्यानेच सुचवले होते. त्याने काहीही सुचवले नव्हते.

रात्री ताईला झोप लागेना. सकाळी तिनेच गोणपाट पसरले. ऊन विटांवर चढले, ओळ सुरू झाली, काळ्यामागून काळ्या येत राहिल्या. आणि मग त्या काळ्या अक्षरांच्या ओळीत एकच पिवळा अनुस्वार यावा तशी ठिपकी आली. ताईने काही न बघता शेजारी आडव्या पडलेल्या बाईची बाही घट्ट पकडली. ती मूठ बराच वेळ सुटली नाही. घड्याळवालीचा हात अवघडला, मुंग्या आल्या, पण तिने तो हलवला नाही.

ठिपकी रोज येऊ लागली. तिच्यासाठी वेगळा थेंब ठेवला जाई. ती उशिरा आली की ताई काळजीत पडे, आणि आली की कंबरेवर हात ठेवून तिला रागवे: कुठे होतीस, किती वेळ वाट बघायची माणसाने? मामाचा फोन आला की ताई आता रंगवलेल्या खोलीविषयी विचारीत नसे. ठिपकीने आज मेलेल्या डासाचा पंख एकटीने कसा ओढला, ते सांगे. लिफ्टवाला हे दारातून ऐके आणि बायकोकडे बघून भुवया उंचावे. ती त्याला डोळ्यांनीच दटावी, की दृष्ट लावू नका.

आणि ठिपकी यायची थांबली.

पहिल्या दिवशी ताई म्हणाली, दमली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बरं नसेल. तिसऱ्या दिवशी तिने काहीच म्हटले नाही. ती गोणपाटावर बसून राहिली आणि दूध आतमध्येच निवले. शेंडेफळाने सहज, चेंडूला टप्पे देत, "मेली असेल," असे म्हटले तेव्हा तिने त्याला असा फटका दिला की तो रडायलाही विसरला. मामा यायला आता थोडेच दिवस उरले होते. ताई पुन्हा कपाटाशी बोलू लागली. आणि संध्याकाळी फोनवर घड्याळवालीने तिचा आवाज ऐकला, "मामा, पडदे कोणत्या रंगाचे म्हणालास?"

त्या प्रश्नानेच घड्याळवालीला दुसऱ्या सकाळी, मुले उठायच्या आधी, अंगणात नेले. तिने पायरीवर साखरपाणी ठेवले, त्याच चणीची, तशीच टपोरी मुंगी निवडली, आणि कुंचला टेकवला. टिंब तेवढेच. जागा तीच. पंचवीस वर्षे सरावलेल्या हाताने ते इतके सफाईने झाले की क्षणभर तिलाही ती ठिपकीच वाटली. यात तिला तेव्हा वावगे दिसले नाही. मोडलेल्या चाकाच्या जागी हुबेहूब तसेच दुसरे चाक बसवायचे, हे ती जन्मभर करत आली होती; घड्याळाने कधी तक्रार केली नव्हती.

"आली," ताई किंचाळलीच जवळजवळ. ती धावत भिंग घेऊन आली, पालथी पडली, डोळा लावला. घड्याळवाली तिच्या पाठीकडे बघत उभी होती, म्हणून तिला ते पाठीतच दिसले: श्वासाबरोबर वरखाली होणारी ती लहानशी पाठ थांबली. ताईने भिंग डोळ्यावरून काढले नाही.

"ही ठिपकी नाही."

"का गं?"

"ठिपकीचा मागचा पाय तुटका होता. डावा. शेवटचा तुकडा नव्हता. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं." ती उठून बसली. "हिचे सगळे आहेत."

घड्याळवालीने कधी पायांकडे बघितलेच नव्हते. तिने आपण लावलेले टिंब तेवढे बघितले होते. जिने या मुलीच्या हातात भिंग दिले, तीच त्याखाली पकडली गेली होती. आणखी एक खोटे जिभेवर तयार होते: पाय पुन्हा उगवला असेल. ते तिने गिळले.

"मी केलं," ती म्हणाली. "सकाळी. तुला वाईट वाटत होतं म्हणून."

ताई रडली असती तर बरे झाले असते. ती नुसती बघत राहिली, थेट तिच्या डोळ्यांत, या घरात पहिल्यांदाच इतका वेळ.

"आई दवाखान्यात होती तेव्हा सगळे मला म्हणायचे, उद्या येणार. रोज म्हणायचे. मला वाईट वाटत होतं म्हणून."

मग ती आत गेली आणि खाटेखालची पिशवी ओढून तिच्यात फ्रॉक भरू लागली. एकेक घडी घालून. घाई नव्हती तिला. मामा रविवारी येणार होता.

त्या दिवशी दुकानात घड्याळवालीच्या हातून दोनदा चिमटा पडला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने आपले घड्याळ न्यायला येऊन विचारले, काय बदललंत? तिने सवयीने खणातून कागदाची पुडी काढून दिली; आत झिजलेले जुने चाक होते. ही तिच्या वडिलांची शिस्त. जे काढले ते पुडीत बांधून मालकाच्या हातात द्यायचे, म्हणजे त्याला कळते की काय गेले आणि त्या जागी काय आले. सांगितल्याशिवाय बदलणे ही त्या दुकानात चोरी होती. तोंडओळखही नसलेल्या माणसांशी ती आयुष्यभर जे पाळत आली, ते तिने एका लेकराशी पाळले नव्हते. म्हातारा पुडी खिशात टाकून गेला, तरी ती खण उघडा ठेवून बसली होती.

रात्री तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ हातातला पाना फडक्याने पुसत राहिला; तो पाना केव्हाच स्वच्छ झाला होता. मग म्हणाला, "तिची समजूत घालू नकोस. आम्ही सगळ्यांनी तेच केलं. तू तिला जे माहीत आहे ते सांग, आणि जे माहीत नाही तेही सांग."

शनिवारी सकाळी ताई पायरीवर पाठ करून बसली होती. घड्याळवाली तिच्या शेजारी नाही, एक पायरी खाली बसली.

"मी तुला फसवलं. पुन्हा कधी फसवणार नाही. पण हे तू आत्ता खरं मानलंच पाहिजेस असं नाही. ठिपकी कुठे आहे, मला माहीत नाही. कदाचित मेली असेल. कदाचित आतल्या मुंग्यांनी तिला चाटून चाटून रंग काढून टाकला असेल. तसंही होऊ शकतं. मला माहीत नाही."

नळाचा थेंब पडला, आणखी एक पडला.

"रंग निघाला असेल," ताई नळाकडे बघत म्हणाली, "तर ती येत असेल. आणि आपल्यालाच कळत नसेल."

"असेलही."

"पण पाय कळेल."

मग त्या दोघी उतरल्या. गोणपाट पसरायचेही राहून गेले. दिवसभर त्यांनी मुंग्यांचे पाय बघितले, आणि मुंग्यांना पाय फार असतात, आणि त्या उभ्या म्हणून राहत नाहीत. शेंडेफळाला साखरपाण्याचे थेंब ठेवायच्या कामावर नेमले होते. निम्मे त्याने स्वतःच चाटले. ठिपकी सापडली नाही. पिवळ्या टिंबाची ती दुसरी मात्र सारखी मधे मधे करत होती. घड्याळवालीला ती नजरेसमोर नको झाली. तिने काडीने तिला बाजूला सारायचे म्हणताच ताईने तिचा हात धरला.

"राहू दे. तिची काय चूक? तिने थोडंच सांगितलं होतं रंग लावायला?"

रविवारी मामा आला. मोठा गोरागोमटा, दारातून आत येताना सवयीने मान वाकवणारा माणूस. भाचीला बघून त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो शेंडेफळाला उलटे टांगू लागला. ताईने पिशवी उचलली. बापाने विचारायचे ते विचारले. ती म्हणाली, जाते. एवढेच. लिफ्टवाल्याने शब्द दिला होता, तो पाळला, आणि कोपऱ्यावर गाडी वळेपर्यंत हात वर धरून उभा राहिला.

निघण्याआधी मात्र ताई मागच्या दारी आली होती. तिने भिंग घड्याळवालीच्या तळहातावर ठेवले आणि बोटे मिटली. "रोज सकाळी बघायचं. संध्याकाळी मी फोन करीन. आली तर आली सांग. नाही आली तर नाही सांग."

तेव्हापासून बाजारात घड्याळवालीचे दुकान उघडायला उशीर होऊ लागला. गिऱ्हाइके बंद दारासमोर आपापल्या बंद घड्याळांकडे बघत उभी राहत. घड्याळवालीचेच बारा वाजलेत, असे शेजारचा शिंपी त्यांना सांगे. ती त्या वेळी अंगणात पोटावर पडून शेकडो मागचे डावे पाय तपासत असे. शेंडेफळ तिच्या पाठीवर घोडा करून बसे. संध्याकाळी फोन वाजे.

"आली?"

"नाही आली."

"बरं."

असे रोज. कधी त्या 'बरं'मागे इतकी शांतता असे की तिच्या तोंडावर येई, आज दिसल्यासारखी वाटली गं. ती जीभ चावे. नाही आली, हेच ती सांगे, आणि वाटे की रोज एकेक शब्दाने आपण या मुलीला आणखी दूर लोटतो आहोत. त्या तिकडच्या घरात पडदे आहेत, आणि इकडे माझ्यापाशी फक्त 'नाही'. फोनच्या वेळेला नवरा हातातले काम ठेवून जवळ येऊन बसे, आणि दोघांच्या मधे शेंडेफळ कान टवकारून.

एका सकाळी ओळीतून एक मुंगी लंगडत गेली. घड्याळवालीने भिंग चाचपले, डोळ्याला लावले. पाठीवरच्या घोडेस्वाराने नेमका त्याच क्षणी लगाम ओढला, आणि ती मुंगी भेगेत गेली. दुपारी तिने दुकान उघडलेच नाही. ती लंगडी पुन्हा दिसली नाही.

संध्याकाळी तिने दिसले तसेच सांगितले. "एक लंगडी दिसली. पण कोणता पाय ते बघायच्या आत ती आत गेली. ती ठिपकी होती असं मला म्हणता येणार नाही."

"रंग होता?"

"नव्हता."

"डावीकडे झुकत होती की उजवीकडे?"

"मला नाही दिसलं."

"बघायला नको का नीट?" पलीकडून आवाज चढला. "भिंग आधीच लावून ठेवायचं असतं. पाठीवर तो बसला होता ना?"

"होता."

"त्याला कशाला बसू देतेस? तुला काही म्हणता येत नाही त्याला." मोठा सुस्कारा ऐकू आला, एखाद्या वैतागलेल्या गृहिणीचा. मग थोड्या वेळाने, "आणि ती दुसरी?"

"ती रोज येते."

"रोज?"

"एकही दिवस चुकली नाही."

"तिला नाव ठेवलंस?"

"नाही. मला वाटलं, ते तू ठेवशील."

पलीकडे ताई कुणाशी तरी काही बोलली, हात ठेवल्यासारखा आवाज दबला, आणि मग मामा फोनवर आला. त्याने घसा खाकरला. म्हणाला, काय सांगू, हिच्या मामीने कालच नवं दप्तर आणलं हिला. पण ही आठ दिवस झाले, आमच्या कुंडीतल्या मुंग्या लबाड आहेत म्हणून तोंड फुगवून बसली आहे. हसता हसता त्याचा आवाज जरासा फाटला. त्याने तो सांभाळला. "शनिवारी घेऊन येतो. शाळा तुमच्याकडचीच म्हणतेय. आमच्याकडे सुट्टीत येईन म्हणाली. सुट्टीत तरी पाठवा हो."

"दर सुट्टीत," घड्याळवाली म्हणाली. आणखी काही म्हणायचे होते, मामीविषयी, त्या पडद्यांविषयी, पण शब्द पुढे येईनात. ते नवऱ्याला दिसले असावे. त्याने फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि मेहुण्याशी तो स्वतःच बोलू लागला, हळू आवाजात, थांबत थांबत.

शेंडेफळाने फोनच्या खाली तोंड नेऊन ओरडून सांगितले की घोडा घोडा खेळणे त्याने केव्हाच सोडले आहे. मग फोन पुन्हा ताईकडे गेला. तिला बापाशी बोलायचे नव्हते, भावाशीही नाही.

"घड्याळवालीला दे," ती म्हणाली. आणि ती आल्यावर, "शनिवारपर्यंत त्या लंगडीला हात लावू नकोस. रंग नको, काही नको. नुसतं बघ. डावा मागचा. नाही कळलं तर नाही कळलं म्हण, पण बघ."

"बघते."

"आणि गोणपाटाला ऊन दाखव, त्याला वास येतो."

घड्याळवाली फोन ठेवून मागच्या दारी गेली. अंगणात अजून उजेड होता. तिने गोणपाट उचलून दोरीवर टाकले आणि दोन्ही हातांनी झटकू लागली. धूळ उडून तिच्या डोळ्यांत गेली, आणि ती तशीच झटकत राहिली.